अमेरिकन चांदीची प्रूफ नाणी (१८५८ ते १९००): कशी पारखावीत, कुठून सुरुवात करावी

फिलीकर

मंडळी, दुसऱ्या एका धाग्यावर ट्रेड डॉलरचा, म्हणजे चीनच्या व्यापारासाठी काढलेल्या अमेरिकन चांदीच्या नाण्याचा, विषय निघाला. तिथली मूळ चर्चा भरकटायला नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि बरीच वर्षं एकच गोष्ट जमवतोय: इथल्या टांकसाळीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडलेली चांदीची प्रूफ नाणी. ही टांकसाळ तेव्हा चेस्टनट आणि जुनिपर रस्त्यांच्या कोपऱ्यावर होती. ती इमारत आता नाही.

प्रूफ म्हणजे 'कोरं करकरीत नाणं' असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. प्रूफ ही नाणं पाडण्याची पद्धत आहे. त्या काळी नवा ठसा आम्लात बुडवून खरबरीत करत आणि मग त्याचा फक्त सपाट भाग आरशासारखा घासत. खोलगट भागात, म्हणजे जिथून आकृती उमटते तिथे, खरबरीतपणा तसाच राही. चकतीही आधी घासून गुळगुळीत केलेली असे. ती एकेक करून हाताने दाबयंत्रात ठेवायची आणि दाब रोजच्या नाण्यापेक्षा बराच जास्त द्यायचा. असं नाणं दिव्याखाली धरलं की मोकळा भाग काळा आरसा दिसतो आणि त्यावर लिबर्टीची, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेची, आकृती पांढरीशुभ्र, धुकट. याला आपण 'कॅमिओ' म्हणतो. ठसा जसजसा वापरला जाई तसतसा हा धुकटपणा कमी होई, म्हणून एकाच सालच्या दोन प्रूफमध्येही जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. याउलट एखादं प्रूफ कुणी खर्चून टाकलं, ते खिशाखिशांतून फिरून झिजलं, तरी ते प्रूफच राहतं.

१८५८च्या आधी अशी नाणी ओळखीपाळखीच्या संग्राहकांसाठी आणि भेटी देण्यासाठी थोडीथोडकी पाडत. जेम्स रॉस स्नोडेन टांकसाळीचे संचालक असताना ती सर्वसामान्यांना विकायला सुरुवात झाली. पण हौशी लोक होते किती? १८५९ला चांदीचे ८०० संच पाडले, १८६० आणि १८६१ला प्रत्येकी १०००. त्यातले पुष्कळ विकलेच गेले नाहीत आणि वितळवले गेले. पुढच्या वर्षी टांकसाळीने संख्या ५५०वर आणली. त्यामुळे पुस्तकात छापलेला आकडा बघून 'हे १०००, ते ५५०, म्हणजे दुसरं दुर्मीळ' असा हिशेब करू नका.

माझं म्हणणं एकच आहे. या नाण्यांत खरी दुर्मीळ गोष्ट साल नाही, न दुखावलेला पृष्ठभाग आहे. दीडशे वर्षांत प्रत्येक मालकाने मऊ फडक्याने एकदा जरी पुसलं, तरी आरसा गेला. जे वाचलं ते कुणीतरी हात आवरला म्हणून वाचलं. साल मागाहून शोधता येतं, गेलेला पृष्ठभाग परत येत नाही.

ट्रेड डॉलरपासून सुरुवात करण्याचा सल्ला मी नेहमी देतो, कारण त्याची गोष्ट आटोपशीर आहे. १८७३ला चीनच्या व्यापारात मेक्सिकन डॉलरशी टक्कर द्यायला हे नाणं काढलं. वजन ४२० ग्रेन, म्हणजे २७.२२ ग्रॅम, चांदी ९०० भाग. हे मागच्या बाजूला गरुडाखाली चक्क लिहिलेलं आहे. पुढे चांदीचा भाव पडला आणि देशातच ही नाणी नकोशी झाली. १८७६ला त्यांचं कायदेशीर चलनपण काढून घेतलं. १८७८नंतर व्यापारासाठी पाडणं बंद झालं, पण संग्राहकांसाठी प्रूफ चालू राहिली: १८७९ला १५४१, १८८०ला १९८७, १८८१ला ९६०, १८८२ला १०९७, १८८३ला ९७९. म्हणजे या पाच सालांची नाणी फक्त प्रूफ म्हणूनच आहेत. एक साल निवडा आणि त्याचं चांगलं नाणं शोधायला वेळ द्या.

---

मुठेकाठची

फार छान धागा. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपये निघतात. दुधा-पाण्याने धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून परत डब्यात. मागच्या वर्षी एका जाणकार काकांना दाखवले तर त्यांनी एकेक रुपया तिरका धरून बघितला आणि म्हणाले, पूजेला उत्तम आहेत, संग्रहात नकोत. त्यांनी नेमकं काय बघितलं असेल? मला तर रुपये लखलखीत दिसतात.

---

फिलीकर

ताई, त्यांनी ओरखड्यांची दिशा बघितली. एकच दिवा ठेवा, बाकी खोली अंधारी. नाणं कडेने धरून हळूहळू फिरवा. एका ठरावीक कोनात मोकळ्या भागावर केसासारख्या बारीक रेघा एकदम पेटल्यासारख्या दिसतात आणि जरा हललं की नाहीशा होतात. त्या पुसण्याच्या रेघा. साध्या नाण्यावर त्या कमी खटकतात. प्रूफच्या आरशावर लपायला जागाच नसते.

इथे नवशिक्याचा एक गोंधळ होतो. ठसा घासतानाच्या रेघासुद्धा नाण्यावर उमटतात आणि त्या दोष मानत नाहीत. फरक असा: ठशावरची रेघ म्हणजे ठशातली चर, म्हणून नाण्यावर ती उंचवटा होऊन येते आणि आकृतीच्या कडेशी येऊन थांबते. पुसण्याची रेघ धातूत खोल गेलेली असते आणि आकृतीवरूनही पुढे जाते. दहापट भिंगाखाली लिबर्टीच्या हातापाशी बघा. रेघ हातावर चढली की समजायचं, हे फडक्याचं काम.

आणखी एक खूण सांगतो, पुस्तकांत ती ओझरती येते. १९३०च्या सुमारास इथे पुठ्ठ्याचे अल्बम आले. प्रत्येक नाण्यावरून सेल्युलॉइडची पारदर्शक पट्टी सरकवायची, म्हणजे दोन्ही बाजू दिसत. ती पट्टी नाण्याच्या सर्वांत उंच भागावर घासे. बसलेल्या लिबर्टीच्या गुडघ्यावर आणि छातीवर एकमेकींना समांतर दोन-तीन सरळ रेघा दिसल्या, बाकी मोकळा भाग मात्र स्वच्छ असला, तर ते नाणं अशा अल्बममध्ये राहिलेलं आहे. गंमत बघा, त्याच पुठ्ठ्यातल्या गंधकाने कडेकडेने निळी-जांभळी वलयं चढतात आणि त्या रंगांसाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात.

---

डलासवाला

माहिती चांगली आहे, पण रंगाच्या बाबतीत असहमत. रंग म्हणजे शेवटी चांदीवर चढलेला सल्फाइडचा थर. थायोयुरियाच्या द्रावणात दोन सेकंद बुडवलं की नाणं पांढरं, आरसा परत उघडा. लिलावात पांढरी कॅमिओ नाणी चढ्या भावाने जातात हे सगळे बघतात. ग्रेडिंग कंपन्याही ती स्वीकारतात. मग काळपट नाणं कुरवाळत का बसायचं?

---

फिलीकर

बाजाराबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण त्या दोन सेकंदांत थर एकटा जात नाही, थराने खाल्लेली चांदीही जाते. पातळ रंग असेल तर नुकसान जाणवत नाही. गडद असेल तर खालचा आरसा आधीच पोखरलेला असतो आणि धुतल्यावर पांढरं पण निर्जीव, राखेसारखं नाणं हाती येतं. शिवाय पहिल्या मालकाने एकदा बुडवलं, तिसऱ्याने एकदा, सातव्याने एकदा, हे कुठेच नोंदलेलं नसतं. १८८० सालचं नाणं आज पांढरंफेक दिसतं तेव्हा ते बहुतेक वेळा कुणीतरी कधीतरी धुतलेलं असतं. त्या काळी टांकसाळ नाणी पातळ कागदात गुंडाळून देई. त्या कागदात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर हलका सोनेरी-राखाडी रंग येतो आणि खालून आरसा लकाकत राहतो. मला तेच हवं असतं. पांढरी नाणी घेऊ नका असं मी म्हणत नाही. तुम्ही स्वतः मात्र बुडवू नका, एवढं कळकळीने सांगतो.

---

सराफकट्टा

आमचं तीन पिढ्यांचं सराफीचं दुकान, त्यामुळे ट्रेड डॉलरवर दोन शब्द. चीनमधले व्यापारी आणि सराफ नाणं पारखून त्यावर आपली बारीक मोहोर ठोकत. आपल्याकडेही सराफ रुपयांवर खुणा करत, त्यामुळे हा प्रकार आम्हाला ओळखीचा. व्यापारात फिरलेल्या डॉलरवर अशा खुणा असणं हाच त्याचा इतिहास आहे, आणि त्यांचाच वेगळा संग्रह करणारे लोक आहेत.

आता धोक्याचं. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईत चोरबाजारात 'ट्रेड डॉलर' म्हणून जे चार-पाचशे रुपयांना मिळतं, त्यातलं मी आजवर तपासलेलं एकही खरं निघालेलं नाही. बहुतेक तांबं-निकेल नाहीतर पितळेवर मुलामा. तपासणी सोपी आहे:

वजन २७.२२ ग्रॅमच्या आसपास आलंच पाहिजे. व्यास ३८.१ मिलिमीटर. नुसतं वजन जुळलं म्हणून विश्वासू नका, खोटं करणारे जाडी वाढवून वजन जुळवतात. नाणं दोऱ्याने पाण्यात सोडून विशिष्ट गुरुत्व काढा. नव्वद टक्के चांदीचं १०.३च्या जवळपास येतं, पितळ-निकेलचं नऊच्याही खाली. चुंबकाला चिकटलं तर विषयच संपला. आणि हे प्रूफ असल्याचा दावा असेल तर ही कुठलीच चाचणी स्वतःच्या हाताने करू नका, दोऱ्याचाही ओरखडा उठतो.

---

फिलीकर

अगदी बरोबर. प्रूफ कायम पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच घ्यावं असं मी सांगतो. डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून बघा, कारण डब्याही खोट्या निघायला लागल्यात. रंगाचा एखादा ठिपका, कडेजवळचा एखादा टवका, असं काहीतरी जुळवा. क्रमांक खरा आणि नाणं दुसरंच, असा प्रकार होतो.

---

गोदाकाठ

वाचतोय, वाचनखूण साठवली. मी मूळचा इतिहासाचा. दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात, दोन्हींचा मुंबईशी संबंध आहे.

पहिली १८०४च्या डॉलरची. १८०४ सालात त्या सालाचा ठसा असलेला एकही डॉलर पडला नव्हता. त्या वर्षी पाडलेल्या डॉलरवर १८०३ किंवा त्याआधीचं साल होतं. १८३४ला राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या सरकारने एडमंड रॉबर्ट्स या दूताबरोबर पूर्वेकडच्या राजांसाठी नाण्यांचे संच पाठवायचं ठरवलं. जुन्या नोंदींत डॉलरचं शेवटचं साल १८०४ दिसत होतं, म्हणून तेच साल घालून नवे ठसे बनवले. म्हणजे जगातलं सर्वांत नावाजलेलं अमेरिकन नाणं हे मुळात भेट म्हणून केलेलं प्रूफ आहे.

रॉबर्ट्स 'पीकॉक' या युद्धनौकेतून निघाले. १८३५च्या सप्टेंबरात ही नौका ओमानच्या मसिरा बेटाजवळ प्रवाळाच्या खडकावर अडकली. ती हलकी करायला तोफासुद्धा समुद्रात टाकाव्या लागल्या. तिथून सुटून ती मस्कतला गेली, सुलतान सय्यद सईद यांना संच मिळाला, आणि मग दुरुस्तीसाठी नौका आली ती आपल्या मुंबईच्या गोदीत. त्यानंतर १८३६च्या एप्रिलमध्ये सयामच्या राजाला दुसरा संच दिला गेला. म्हणजे सयामच्या वाट्याचा १८०४चा डॉलर त्या वाटेवर असताना ही मोहीम मुंबईत थांबली होती! जूनमध्ये रॉबर्ट्स मकाऊला वारले आणि कोचीन-चीन (आजचा व्हिएतनाम) व जपानसाठीचे संच पोचलेच नाहीत.

दुसरी गोष्ट पिटमन कायद्याची. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला लागले आणि सरकारकडे चांदी पुरेना. १८७८पासून पाडलेले चांदीचे 'मॉर्गन' डॉलर अमेरिकेच्या तिजोरीत नुसते पडून होते. एप्रिल १९१८च्या कायद्याने सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले आणि त्यातली सुमारे २५.९ कोटी डॉलरची चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानासाठी. १९१८-१९चे पंचम जॉर्जचे रुपये ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्या रुपयात मॉर्गन डॉलर असण्याची चांगलीच शक्यता आहे.

---

मुठेकाठची

बापरे! आमच्या डब्यात १९१८चे सात-आठ आहेत. आता वेगळ्याच नजरेने बघणार. (आणि पुसणार नाही.)

एक शंका. हे पिटमन म्हणजेच ते घर गहाण टाकून नाणी घेणारे पिटमन का?

---

गोदाकाठ

नाही ताई, ते दोघे वेगळे. कायदा नेवाडाचे सिनेटर 'की' (Key) पिटमन यांचा. संग्राहक ते जॉन जे. पिटमन, त्यांच्याबद्दल फिलीकर जास्त सांगू शकतील.

---

फिलीकर

गोदाकाठ, पीकॉकचा मुंबई मुक्काम या संदर्भात कुणी सांगितलेला मी पहिल्यांदाच ऐकतोय. मनापासून आभार. मस्कतच्या सुलतानाचा मानला जाणारा तो डॉलर २०२१च्या ऑगस्टमध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरला गेला. त्याचा दर्जा प्रूफ ६८ आहे, म्हणजे सत्तरपैकी अडुसष्ट, जवळजवळ निर्दोष. आम्हा सामान्यांच्या आवाक्यातली गोष्ट नाही, पण वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात १८०४च्या डॉलरचे तिन्ही प्रकार (मूळ भेटीचा आणि नंतर पाडलेले दोन) आहेत. त्यातला दुसऱ्या प्रकारचा डॉलर १८५७च्या स्विस नेमबाजी स्पर्धेच्या नाण्यावरच ठसा मारून केलेला आहे. टांकसाळीतले लोक १८५८च्या सुमारास मागच्या दाराने कशी नाणी पाडून विकत, त्याचा तो पुरावा. पुन्हा पाडलेल्या नाण्यांचा हा प्रकार आपल्याकडेही झालाच, मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी कित्येक दशकं रुपये पाडून देत होत्या.

पिटमन कायद्यावरून १८९५चा मॉर्गन डॉलर आठवतो. टांकसाळीच्या नोंदीत त्या साली फिलाडेल्फियात १२,००० साधी आणि ८८० प्रूफ नाणी आहेत. त्या १२,०००पैकी एकही आजवर खात्रीने समोर आलेलं नाही. ती सगळी १९१८ला वितळून हिंदुस्थानात गेली असं बरीच वर्षं मानत. आताचे अभ्यासक बहुतेक असं धरतात की ती नोंद आदल्या सालाच्या ठशांनी पाडलेल्या नाण्यांची असावी. काहीही असो, मॉर्गनची पूर्ण मालिका करणाऱ्याला १८९५साठी प्रूफच घ्यावं लागतं, आणि म्हणून झिजलेल्या प्रूफलाही पाच आकडी किंमत येते. मी हे साल कुणालाच सुचवत नाही. मागणी मालिकावाल्यांची आहे, नाणं म्हणून त्याच दशकातली इतर प्रूफ तितकीच देखणी आहेत आणि त्यांतली बरीचशी संख्येनेही कमीच पडली होती.

आता जॉन जे. पिटमन. रॉचेस्टरला कोडॅकमध्ये नोकरी करणारा पगारदार माणूस. १९५४ला कैरोत इजिप्तच्या पदच्युत फारूक राजाच्या संग्रहाचा लिलाव होणार होता. तिथे जायला यांनी घरावर कर्ज काढलं. अफाट पैसेवाल्यांच्या शेजारी बसून, आधी अभ्यास करून ठरवलेली नाणीच त्यांनी उचलली. १९९७ ते १९९९ दरम्यान त्यांचा संग्रह विकला गेला तेव्हा तीन कोटी डॉलरच्या वर रक्कम आली. कर्ज काढण्याचं अनुकरण करू नका. घेण्यासारखं आहे ते हे, की दुसरे सोन्याच्या मोठ्या नाण्यांकडे बघत असताना त्यांना जुन्या छोट्या प्रूफची किंमत कळत होती, कारण त्यांनी ती हजारोंनी डोळ्यांखालून घातली होती.

---

नवा_भिडू

दादा, मी टेक्सासमध्ये शिकतोय. महिना-दोन महिन्यांत पाचशे डॉलर बाजूला पडतात. ट्रेड डॉलर परवडणार नाही असं दिसतंय. माझ्यासारख्याने यात पडावं का?

---

फिलीकर

जरूर पडावं, पण डॉलरच्या आकाराचा मोह सोड. बार्बर डाइम (दहा सेंटचं नाणं) घे. १८९२पासूनची ही मालिका, पहिल्याच वर्षी १२४५ प्रूफ पाडली. साधारण प्रूफ ६३ दर्जाचं नाणं तुझ्या पैशात बसतं. १८८०च्या दशकातली बसलेल्या लिबर्टीची डाइमसुद्धा थोड्या जास्त पैशांत मिळते. नाणं लहान असलं की ओरखड्यांना जागा कमी, त्यामुळे याच पैशात डॉलरपेक्षा कितीतरी स्वच्छ पृष्ठभाग मिळतो.

पुढे मन रमलं तर वीस सेंट बघ. १८७५ला आलेलं हे नाणं पाव डॉलरसारखंच दिसे, लोक फसत, म्हणून दोन वर्षांत गुंडाळलं. १८७७ आणि १८७८ला फक्त प्रूफ पाडली, १८७८ची ६००. ते महाग आहे, पण कशासाठी पैसे साठवायचे हे माहीत असलेलं बरं.

आणि ६३ आकड्याच्या दोन नाण्यांत फरक कर. एक ६३ असतं कारण त्यावर पुसण्याच्या रेघा आहेत. दुसरं ६३ असतं कारण रंग जरा डागाळलेला आहे पण खाली आरसा अभंग आहे. डबीवर दोन्हींना एकच आकडा आणि भावही जवळपास एकच. दुसरं घे.

---

डलासवाला

हे मात्र शंभर टक्के पटलं. +१. टेक्सासमधल्या प्रदर्शनांत विक्रेते दिवा देतात, बसून बघू देतात. फोटोवरून प्रूफ घेऊ नकोस, फोटो काढणारा दिवा अशा कोनात लावतो की रेघा दिसतच नाहीत.

---

नवा_भिडू

धन्यवाद दोघांनाही. एक शेवटचं. पुढच्या वर्षी कायमचा भारतात परत जायचा विचार आहे. नाणी सोबत नेली तर काही अडचण?

---

गोदाकाठ

१९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. नाणं परदेशी आहे म्हणून आपोआप सूट मिळेल असं गृहीत धरू नका. म्हणजे एकदा आणलं की पुढे अमेरिकेत विकायचा मार्ग बंद होऊ शकतो. जायच्या आधी सीमाशुल्क खात्याला आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाला लेखी विचारा, आणि खरेदीच्या पावत्या जपून ठेवा.

---

सराफकट्टा

शिवाय मुंबईची हवा. समुद्र, दमट, वर गाड्यांचा धूर. चांदी इथे झपाट्याने काळी पडते. डबी हवाबंद नसते हे लक्षात ठेवा. सिलिका जेल घालून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, लाकडी कपाटात नको. आणि मऊ पीव्हीसीचे पाकीट तर अजिबात नको, त्यातून सुटणाऱ्या रसायनाने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो.

---

फिलीकर

सराफकट्टांनी सांगितलं त्यात एवढंच जोडतो की सिलिका जेल दर दोन-तीन महिन्यांनी बदला. नवा_भिडू, ऑगस्टमध्ये इकडे येणार असशील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. १८८२चा ट्रेड डॉलर आणि त्याच सालची डाइम शेजारी ठेवून दाखवतो, आणि दिवा तू धर.